बुडबुड बंद केली तेव्हा

नवजात कक्षात ड्यूटीवर आले की आधी माझी यादी: ऑक्सिजन, नळ्या, दूध, औषधं. मागे तीत एक काम वाढलं. बाळाच्या छातीला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप लावून आवाज टिपायचा. मग कॉम्प्युटर त्यातून हृदयाचा आवाज वेगळा काढणार, फुप्फुसांचा वेगळा. काम उपयोगाचं होतं, माझी हरकत नव्हती.

पण या प्रोजेक्टसाठी आलेल्या इंजिनिअर मुलीची रोज कुरकुर. रेकॉर्डिंगमध्ये मॉनिटर वाजतो, बाळं रडतात, श्वासाच्या मशीनची बाटली बुडबुडते. ती मराठीच, पण इथे लखनौच्या निशातगंजात वाढलेली. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. वॉर्ड असाच असतो, हे तिला कितीदा सांगितलं.

एका सकाळी शेजारच्या खोलीतून दूध घेऊन आले, तर बुडबुड बंद. मलिहाबादच्या बाईचं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ होतं ते. मशीनच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून हवेचा दाब टिकतो आणि इवलीशी फुप्फुसं मिटत नाहीत. आणि आमच्या इंजिनिअर बाईसाहेबांनी ते टोक पाण्याबाहेर काढलेलं, आणि छातीवर स्टेथोस्कोप धरून उभ्या. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

मी नळी पाण्यात घातली. बाळाचा रंग परतेपर्यंत तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काकू, बस एक क्लीन रिकॉर्डिंग चाहिए थी."

"गोंगाटातून आवाज वेगळा काढायला तुझं यंत्र आहे ना? मग गोंगाट त्याला ऐकव. बाळाचा श्वास कशाला काढून घेतेस?"

ती रडायला लागली. मला दया आली नाही. प्रोजेक्ट चालवणारे डॉक्टरसाहेब आले आणि लखनवी गोडव्यात म्हणाले, सिस्टर, कुछ हुआ तो नहीं न, बात यहीं रहने दीजिए. ती मुलगी निदान घाबरली तरी होती. यांना बाळापेक्षा प्रोजेक्टची काळजी होती.

आई काचेबाहेर उभी होती. मी जाऊन जे झालं ते सरळ सांगितलं. ती मग म्हणाली, "दीदी, अब हमारे बच्चे की आवाज़ कोई न ले."

मी आत येऊन पाळण्यात राहिलेला स्टेथोस्कोप इंजिनिअरच्या हातात दिला आणि या पाळण्याजवळ पुन्हा यायचं नाही, असं बजावलं. तेव्हापासून डॉक्टरसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. बाळ घरी गेलं, तरी माझा राग गेलेला नाही.