हार गळ्यात, सोलो पडद्यामागं

अण्णा बापूच्या गळ्यात हार घालत होते. बापूने दोन्ही हात जोडले होते. सॅक्सोफोन पोटावर लोंबत होता. आणि तरीही सॅक्सोफोन वाजत होता, जोरात.

पहिल्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, "ऑटोमॅटिक हाय व्हय रं?"

मी स्टेजच्या कडेला उभा होतो. हा कार्यक्रम मीच बसवला होता. आजवर कुणी विचारलं की 'जरा टेक्निकल घोळ झाला' एवढंच सांगत आलो. घोळ टेक्निकल नव्हता.

मी सॅक्सोफोनवाला. तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवला, मग सांगलीत अण्णांच्या शिक्षणसंस्थेत संगीत शिकवायला लागलो. सांगलीत जॅझ शिकवतो म्हटलं की लोक आधी आदराने बघतात आणि मग विचारतात, "नागीण येती का?" येते. तीही वाजवली आहे.

संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी एक रचना केली होती. मधला सोलो अश्विनीचा. अश्विनी आटपाडीकडची. चुलत्याच्या बँडपार्टीतला जुना सॅक्स उचलून शिकायला आली. असा कान मला मुंबईतही फारसा भेटला नव्हता. तिला पुढे पुण्याला शिकायचं होतं. वडिलांची अट एकच, "एकदा स्टेजवर बघतो, मग ठरिवतो. न्हाईतर आष्ट्यातनं स्थळ आलंयच."

कार्यक्रमाच्या आठवड्यात अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं.

"सर, आमच्या बापूला पण तुमचं ते वाद्य लय आवडतंय. त्यालाच पुढं करा की."

बापू म्हणजे अण्णांचा पुतण्या. युवा नेता. शहरभर फ्लेक्सवर असायचा, तालमीला कधी नसायचा.

"अण्णा, बापूंना अजून एक सूर सलग धरता येत नाही."

"सूर कोण धराय सांगतंय? सॅक्स धरू दे. वाजवाय कुणीतरी असंलच की तुमच्याकडं."

होतं. आणि माझी नेमणूक कायम व्हायची होती. मी 'बघतो' म्हणालो. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे बहुतेक नकार असतो. मी मात्र खरंच बघितलं.

अश्विनीला सांगितलं, तू पडद्यामागून वाजव, बापू पुढे बोटं हलवेल. तिने वडिलांची आठवण करून दिली.

"सर, आबा येणारेत."

"पुढच्या वर्षी तुझा स्वतंत्र कार्यक्रम ठेवू."

"पुढच्या वर्षी मी कुठं असंन?"

मी विषय बदलला. तिने दुसरा, धंद्यातला प्रश्न काढला. "सोलोत मी काय वाजवणार ते मलाच आधी ठाऊक नसतं. बापू बोटं कशी हलवणार?"

मुद्दा बरोबर होता. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, सोलो ठरलेला नसतो. वादक तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो. म्हणून मी तो सोलो लिहून काढला आणि तिच्याकडून पाठ करून घेतला. पाठ केलेला सोलो म्हणजे पाठ केलेल्या गप्पा. पण बापूला सोपं जावं ना! तरी त्याची बोटं शेवटपर्यंत मोबाईलवर मेसेज टाइप केल्यासारखीच चालत होती.

कार्यक्रम सुरू झाला. सोलोपर्यंत सगळं बरं चाललं. एक गोष्ट मात्र मी विसरलो. आपल्याकडे सत्कार कशासाठीही थांबत नाही. बापूचा सत्कार पाहुण्यांसमोर व्हायचा होता, आणि त्यांना मिरजेत दुसरा कार्यक्रम, निघायची घाई. सोलो ऐन भरात असताना निवेदक माइकवर आला, "मधुर संगीताच्या पार्श्वभूमीवर आता आपण..." अण्णा हार आणि फेटा घेऊन चढले. बापूने सवयीने हात जोडले. हार दिसला की त्याचे हात आपोआप जुळतात.

आमच्या बँडमध्ये मूठ वर केली की थांबायचं, ही खूण. पडद्याच्या फटीतून अश्विनीला मी दिसत होतो. मी मूठ वर केली. तिने ती नीट बघितली. आणि वाजवत राहिली.

मी लिहिलेलं तिने तिथेच सोडलं. पुढचं सगळं तिचं होतं. त्या संध्याकाळी जॅझ तेवढाच वाजला. वाजवतच ती पडदा सारून बाहेर आली, बापूच्या शेजारी उभी राहिली, आणि तिला थांबायचं होतं तिथे थांबली.

अण्णांच्या हातात फेटा तसाच. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सर, आवरा."

मी माइक घेतला. "मित्रहो, ही आमची विद्यार्थिनी. बापूंना मागून साथ करत होती."

हॉलच्या मागच्या बाजूने एक पटकेवाले गृहस्थ उठले. "सर, कसली साथ? ह्यो तर हार घेत हुता. आमी अडाणी हाय, पर डोळं हायत न्हवं?"

हॉल हसला. बापूही हसला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. अण्णा त्या सगळ्यांपेक्षा चपळ. माइक ओढून म्हणाले, "दुष्काळी भागातल्या लेकीला आपल्या संस्थेनं संधी दिली!" टाळ्या. बापूचा फेटा तिच्या डोक्याकडे वळला.

"फेटा नगं," ते पटकेवाले, म्हणजे तिचे वडील, म्हणाले. "पोरीचं नाव तेवढं घ्या माइकवर."

अण्णांनी माइक माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "अण्णांच्या मार्गदर्शनाखाली..."

नाव मी घेतलं नाही. तिनेच माइकशिवाय सांगितलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

ती पुण्याला गेली. जाण्याआधी वडील तिचा दाखला न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "तुमी शिकिवलं मातर चांगलं, सर. ते न्हाई म्हणत न्हाई मी." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी कायम झालो. आता विभागप्रमुख आहे. बापू संस्थेचा संचालक आहे; सूर अजून धरता येत नाही, पण विभाग धरून आहे. अश्विनी स्वतःच्या रचना वाजवते. तिच्या कार्यक्रमाला एकदा गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो आणि शेवटच्या टाळ्यांच्या आधी उठलो.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी मुठीची खूण अजूनही शिकवतो. फक्त त्यात एक भर घातली आहे. मूठ दिसली की थांबायचं, पण आधी ती कुणाची आहे ते बघून घ्यायचं.