एक हजार नऊ

होहोए गावच्या शाळेत गणित शिकवणारे सेन्यो डोत्से मास्तर तसे निरुपद्रवी. दारू नाही, पत्ते नाहीत. फक्त मोठी संख्या दिसली की तिला कशाने भाग जातो ते पाहायचे, आणि कशानेच गेला नाही तर नातू झाल्यासारखे हरखायचे. मयताला गेले तरी आधी मांडलेल्या खुर्च्या मोजत. रडणाऱ्यांची माफी बायकोने, डिझिग्बोडीने मागायची.

त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी मुख्याध्यापक आग्बेन्येगांनी फर्मान काढलं: सगळी शाळा चालणार आणि एकही रांग अर्धवट दिसता कामा नये. आदल्या वर्षी शेवटच्या रांगेत तीनच पोरं होती. त्यामुळे देशाचं स्वातंत्र्यच धोक्यात आलं होतं, असं साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटे.

मुलं होती एक हजार नऊ. मास्तर दोन, तीन, पाच, सात करत एकतीसपर्यंत भागून आले आणि धावतच साहेबांकडे गेले.

"अभिनंदन साहेब! मूळ संख्या आहे! कशानेच भाग जात नाही!"

"मग रांगा?"

"होणारच नाहीत!"

"मास्तर, यात तुम्हाला आनंद कसला होतोय?"

इथे तरी गप्प बसावं ना! पण विद्वत्ता उतू चालली होती. "एक कमी केलात तर मात्र सोनं, साहेब! एक हजार आठ! बारा-बाराच्या चौऱ्याऐंशी, चौदा-चौदाच्या बहात्तर, सोळा-सोळाच्या..."

"झालं तर मग. ती कुबडीवाली आकोर्फा आहे ना, तिला सावलीत बसवा. तिलाही बरं."

आकोर्फा जानेवारीपासून मैदानात सगळ्यांच्या मागे सराव करत होती. मास्तरांनी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "सर, माझ्यामुळे भाग जात नाही का?"

मास्तरांना फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मूळ संख्येची लाज वाटली. रात्री मक्याच्या आक्प्लेचा गोळा मोडता मोडता त्यांनी सगळं बायकोला सांगितलं.

"एडेमचे बाबा," डिझिग्बोडी म्हणाली, "पोरीला काढायची अक्कल बरी सुचली! कुणाला घ्यायची नाही सुचली?"

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा साहेबांपुढे उभे राहिले. "एक हजार दहा. दहा-दहाच्या एकशे एक रांगा. एक जण वाढवायचा, बस्स."

"आणि तो आणायचा कुठून?"

"मी चालतो."

साहेब पोट धरून हसले. "गणवेशाशिवाय कुणी चालणार नाही, सांगून ठेवतो!"

बाजारातल्या शिंप्याने मास्तरांसाठी खाकी अर्धी चड्डी शिवली. मापं घेताना तोही हसतच होता.

स्वातंत्र्यदिनी, सहा मार्चला, शेवटच्या रांगेत कडेला मास्तर आणि त्यांच्या शेजारी आकोर्फा. सम-विषम ओळखण्यात हयात गेलेल्या या माणसाला डावा-उजवा कधीच कळला नव्हता, हे त्या दिवशी अख्ख्या होहोएला कळलं. बँड एकीकडे, मास्तर दुसरीकडे. शिट्ट्या वाजल्या, भाजीवाल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, पाहुणे खुर्चीतून अर्धे उठून त्या हाडकुळ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. कुबडीकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही.

"सर, डावा! डावा!" दात-ओठ खात आकोर्फा पुटपुटत होती. तिचं पाऊल बरोबर पडत होतं.

मैदानाबाहेर आल्यावर ती तणतणली, "उद्या सगळे मला चिडवतील!"

मास्तरांचा चेहरा पडला. "का गं?"

"तुमच्या शेजारी होते म्हणून!"