समासातली नोंद

ग्राझहून निघाले त्या सकाळी रस्त्याकडेला गुडघाभर बर्फ होता आणि माझ्या मांडीवर एक हिरवी फाइल होती. ऑस्ट्रियातल्या या शहरात मी नऊ वर्षं एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. माथियासचं तिथेच सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. आम्ही लग्न करायचं ठरवलं, तेव्हा श्टांडेसआम्टमधल्या (तिथलं लग्न-नोंदणी कार्यालय) बाईंनी आम्हा दोघांना याद्या दिल्या. माथियासची यादी दोन ओळींची होती, माझी पानभर. त्यातले दोन कागद माझ्याकडे नव्हते. एक माझ्या जन्माचा दाखला, दुसरा माझ्या पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा. दोन्ही ताजे काढलेले हवेत, जुने चालणार नाहीत, असं बाईंनी दोनदा सांगितलं.

जन्म पेणचा, मृत्यू रोह्याकडचा. म्हणजे पंधरा दिवसांची रजा काढून मला दोन्हीकडे जाणं भाग होतं. पेणची मला काळजी नव्हती. तिथे माझी थोरली बहीण राहते. रोह्याकडे मात्र चौदा वर्षांत मी पाऊल टाकलं नव्हतं.

पेणला पोचले तेव्हा जानेवारीतलं कोवळं ऊन होतं. अक्काने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच विचारलं, "त्याला मासे चालतात ना?" चालतात म्हटल्यावर तिच्या बाजूने लग्नाचा प्रश्न मिटला.

नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई होत्या. मी साल आणि वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी आतून जाडजूड रजिस्टर आणलं, बोट फिरवलं आणि थांबल्या.

"वडील बरोबर, आई बरोबर. तुमचं नाव नाही."

"नाही म्हणजे?"

"लिंग, स्त्री. नावाचा रकाना कोरा. त्या काळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची, मग पुढे कोणी येत नसे. अर्ध्या पेणची नावं नाहीत यात."

त्रेचाळीस वर्षं मी सरकारदरबारी नुसतीच एक मुलगी होते. मला हसू आलं, बाईंनाही आलं. शाळा सोडल्याचा दाखला, एक अर्ज, अक्काची सही आणि तीन दिवस, एवढ्यावर 'मंगल' हे नाव त्या रकान्यात बसलं. त्या तीन दिवसांत मी गणपतींच्या कारखान्यांवरून चालत जायचे. भाद्रपद आठ महिने दूर, तरी फळ्यांवर न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. अक्काने पोह्यांचे पापड बांधून दिले आणि सासरी न्यायला म्हणून वेगळा पुडा केला.

"सासरी कसला?" मी म्हटलं.

"रिकाम्या हाताने जाशील काय?"

मंगळवारी सकाळी पेणहून रोह्याची गाडी धरली. डबा अर्धा रिकामा होता. कासूला दोन बायका माठाच्या जुड्या घेऊन चढल्या, नागोठण्याला शिफ्ट सुटलेली माणसं चढली आणि बसल्याबसल्या झोपली. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता. गुडघ्याएवढा, गच्च हिरवा. मी खिडकीतून बघत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काय सांगायचं याची. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

माझा नवरा ज्ञानेश्वर आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा गेला. पहाटे छातीत कळ आली आणि गाडी यायच्या आत संपलं. मी स्वतः परिचारिका, हात त्याच्या छातीवर, आणि काही करता आलं नाही. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी पेणला निघून आले. आबा शेतावर गेलेले असताना निघाले, त्यांचा निरोप घेतला नाही. मग तो घ्यायचा राहिला तो राहिलाच. सासूबाई गेल्याचं तर मला ग्राझमध्ये फोनवर कळलं.

रोह्याहून सहाआसनी रिक्षाने कोलाड, तिथून हायवेने खांब गावाच्या अलीकडे उतरले. आत मैलभर चाललं की सासरचं गाव. मी ठरवलं होतं की परस्पर ग्रामपंचायतीत जायचं, दाखला घ्यायचा आणि मग जमलं तर घरी. भित्र्या माणसाचा हिशेब.

ग्रामसेवक तरुण होते. दोन गावांचा कारभार असल्याने इथे मंगळवारी आणि शुक्रवारीच बसत. त्यांनी तारीख विचारून नोंद काढली.

"तुमच्या मिस्टरांचं नाव काय म्हणालात?"

"ज्ञानेश्वर."

"इथे 'बाळा' आहे." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "आणि तुमच्या लग्नाच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर. मी असा दाखला दिला तर तिकडचे विचारतील, हा बाळा कोण आणि ज्ञानेश्वर कुठाय?"

खबर देणाऱ्याच्या रकान्यात आबांची सही होती, मोठमोठ्या सुट्या अक्षरांत. त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते आणि आबा एकटेच उठून पंचायतीत गेले होते. नाव विचारल्यावर त्यांनी जन्मभर ज्या नावाने हाक मारली तेच सांगितलं.

"ज्यांनी खबर दिली त्यांचंच प्रतिज्ञापत्र आणा," ग्रामसेवक म्हणाले. "आहेत ना ते?"

आहेत. आता घरी जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दारात वंदना सूप घेऊन बसली होती. वंदना माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको. मी गेले तेव्हा ती नवी नवरी होती, आता तिच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. तिने सूप खाली ठेवलं.

"मंगलताई? अगो बाय! न सांगता?"

तिने मला पाणी दिलं, पापडांचा पुडा घेतला, आणि मी चहा संपवायच्या आत तिला सगळं सांगून टाकलं. माथियास, यादी, बाळा. ती कपाळाला हात लावून ऐकत राहिली.

"लग्नाचं मी सांगू का आबांना?" तिने विचारलं.

"नको. मीच सांगते."

आबा दुपारी आले. वाळलेले, पण ताठ. मला बघून नुसतं "आलीस?" म्हणाले, जशी मी बाजारातून आले होते. पान वाढलं गेलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. मग त्यांनी हात धुतले आणि मी एका दमात बोलले. मी तिकडे लग्न करतेय, माणूस तिकडचा आहे, त्यासाठी कागद हवा.

आबा पंच्याला हात पुसत राहिले.

"दारू पितो?"

"थोडी बिअर. सणाला."

"हात उगारतो?"

"नाही, आबा."

"मग कर. मला कशाला विचारतेस? मी काय नको म्हणणार हाय?" ते खाटेवर बसले. सुटकेच्या भरात मी लगेच नावाचंही सांगितलं. रजिस्टरात नाव चुकलंय, ते दुरुस्त करायला तुमची सही लागेल.

"चुकलंय?" आबांनी मान वर केली. "कोणाची चूक?"

"चूक म्हणजे... बाळा लिहिलंय. ज्ञानेश्वर हवं."

"मी सांगितलं तेच लिवलंय त्यानं. बाळा गेला. माझा बाळा गेला. तो ज्ञानेश्वर तुमच्या शाळेतला आन् कंपनीतला. मी खोटं नाय सांगितलं."

"खोटं म्हणत नाहीये मी."

"स्टॅम्पावर लिवायचं, मी पोराचं नाव चुकीचं सांगितलं म्हणून? मी नाय करणार सही."

ते कोयता घेऊन बाहेर पडले. लग्नाचा धक्का पचवतील की नाही याच्या चिंतेत मी विमानभर झोपले नव्हते, आणि ते अडले होते या दोन अक्षरांपाशी.

मी त्याच संध्याकाळी पेणला परतणार होते. वंदनाने पिशवी काढून घेतली. "शुक्रवारपर्यंत काय पंचायत उघडत नाय. राहा गो." म्हणून राहिले. बुधवारी मी तिच्याबरोबर वालाच्या शेंगा तोडल्या. आबा शेताच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी माझ्याशी अबोला धरला नव्हता. गुळाचा चहा मागत, तिकडे शेती काय होते विचारत. मी भोपळ्याच्या बियांचं तेल काढतात ते सांगितलं, तर म्हणाले, "बियांचं? मग भोपळा काय करतात?" तो शेतातच टाकतात म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. पण सहीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

गुरुवारी दुपारी मी बांधावर शेंगा निवडत होते. आबा येऊन शेजारी बसले.

"त्या दिवशी तू मला न सांगता गेलीस," ते म्हणाले.

मी हातातली शेंग खाली ठेवली. "हो."

"म्हातारी रडली. म्हणाली, आपलंच काय चुकलं."

"तुमचं काही चुकलं नव्हतं. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं, आबा. मी नर्स असून त्याला वाचवलं नाही, असं तुम्ही म्हणाल असं वाटायचं."

"मी म्हणालो कधी?"

"नाही."

"मग?"

आबांनी मूठभर शेंगा घेतल्या आणि निवडायला लागले. निवडता निवडता म्हणाले, "उद्या मी येतो. सही नाय करणार. मला ते बुक बघायचंय."

शुक्रवारी आबा धुतलेला सदरा घालून निघाले. पंचायतीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रजिस्टर समोर आलं तेव्हा त्यांनी वाकून, बोट न टेकवता, अक्षर अक्षर लावत वाचलं. पोराचं नाव, मग स्वतःची सही.

"हे खोडणार तुम्ही?" त्यांनी ग्रामसेवकांना विचारलं.

"नाही हो आजोबा. मूळ नोंदीला हात लावायचा अधिकार कोणालाच नाही. तुम्ही सांगितलं ते तसंच राहणार. ही बाजूची जागा आहे ना, समास, इथे मी लिहिणार. बाळा ऊर्फ ज्ञानेश्वर, दोन्ही एकच."

"वरचं तसंच?"

"तसंच. मी गेलो तरी राहील."

आबा माझ्याकडे वळले. "मग तू चूक कशाला म्हणालीस?"

मी कबूल केलं की तो शब्द मीच वापरला होता.

सोमवारी आम्ही दोघं रोह्याला तहसील कचेरीत गेलो. बाहेर टंकलेखकांची टेबलं होती. एकाने प्रतिज्ञापत्र भराभर टाइप करून दिलं. मी सहीसाठी पुढे करणार तोच आबांनी ते हातात घेऊन सावकाश वाचलं आणि म्हणाले, "हा ज्ञानदेव कोण आणला आता?" खरंच, 'बाळा ऊर्फ ज्ञानदेव' छापलं होतं. टंकलेखकाने कपाळ बडवलं, मी हसत सुटले, आणि मग आबाही हसले. तोंडावर पंचा धरून, खांदे हलवत. चौदा वर्षांत मी त्यांना हसताना आठवलंही नव्हतं. दुसरा कागद झाला. आबांनी तो दोनदा वाचून सही केली. कचेरीतून सुटल्यावर आम्ही कुंडलिकेच्या काठाने जरा चाललो, उसाचा रस प्यायलो. तिथे त्यांनी विचारलं, "त्याची आई त्याला काय म्हणते?"

"हिअस," मी सांगितलं. "कागदावर माथियास. घरात हिअस."

"हं," आबा म्हणाले.

मंगळवारी समासात ती ओळ लिहिली गेली आणि दाखला माझ्या हातात आला. आबांनी स्वतःसाठीही एक प्रत मागून घेतली. मला सोडायला ते हायवेपर्यंत आले. रिक्षा आली तेव्हा मी वाकून पाया पडले, आणि चौदा वर्षं राहिलेलं वाक्य म्हटलं, "आबा, मी येते."

"ये," ते म्हणाले. "तिकडचा लग्नाचा कागद झाला की त्याची झेरॉक्स धाड."

दाखले परदेशात चालावेत म्हणून त्यांवर मुंबईतले शिक्के घेण्यात दोन दिवस गेले. ग्राझमध्ये बर्फ तसाच होता. शपथबद्ध भाषांतरकाराने फोन करून 'ऊर्फ' म्हणजे काय ते विचारलं. मी समजावलं. श्टांडेसआम्टमधल्या बाईंनी सगळी फाइल दहा मिनिटांत तपासली आणि तारीख दिली. मला वाटलं होतं, हे दोन दाखले म्हणजे मागचं संपल्याचा पुरावा. तसं झालं नाही. मी तिथे गेले नसते तर नवा संसार मी जुन्या घराकडे पाठ करूनच मांडला असता, आणि ती पाठ कधी ना कधी मला वळवावीच लागली असती.

एप्रिलमध्ये लग्न झालं. मी दाखल्याचा फोटो वंदनाच्या फोनवर पाठवला आणि झेरॉक्स टपालाने पाठवली. महिन्याने तिचा फोन आला. पाकीट पोचलं होतं. तो कागद पूर्ण जर्मनमध्ये. आबांनी तो उलटसुलट बघितला, माझं नाव कुठलं ते तिला विचारलं, मग त्याचं कुठलं ते विचारलं. आणि उठून पेटी उघडून रेशनकार्ड, सातबारा, बाळाचा दाखला असतो त्या पिशवीत नीट घालून ठेवला.

"मी म्हटलं, आबा, हा इथं काय कामाचा?" वंदना सांगत होती. "तर म्हणतात कसे, असू दे. घरातला कागद हाय."