पळकुटे आबा आणि मधली म्हैस

सासरहून पळून कसं जावं, याचा सल्ला मी माझ्या सख्ख्या सासऱ्यालाच विचारला होता. वय अठरा, मॅट्रिक पास आणि अकलेचा निकाल राखून ठेवलेला. आता नातवंडांना हे सांगितलं की ती दाराकडं बघतात, म्हातारी आत्ताच उठून धावतेय की काय म्हणून. गुडघ्यांनी साथ दिली असती तर धावलेही असते. पण माझी बाजू ऐकून घ्या. कडेगावच्या अंगाला असलेल्या आमच्या त्या गावात पळण्यातला जाणकार एकच होता, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. त्याला मी काय करू?

गावात त्यांना ‘पळकुटे आबा’ म्हणत. दुसऱ्या कुणाला असं म्हटलं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. आबांना मात्र ती पदवी वाटे. मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर आफ्रिकेच्या वाळवंटात गेले, तिथं पकडले गेले आणि इटलीत तारांच्या कुंपणाआड कैदी होऊन राहिले. तिथून ते दोनदा पळाले. एकदा फसलं, एकदा साधलं. परत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सवयी कैद्याच्याच. लग्नाचा मांडव असो की देऊळ, बाहेर जायची वाट दिसेल अशीच जागा धरायचे. बंडीच्या खिशात कायम वाळक्या भाकरीचा तुकडा. धुणं धुताना तो मला सापडायचा आणि मी कोंबड्यांना टाकायची. आबा गुपचूप दुसरा भरत. सासूबाईंना ते माघारी ‘कमांडंट’, म्हणजे कैदछावणीचा साहेब, म्हणत. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, अर्थ ठाऊक नव्हता, पण हुद्दा मोठा आहे एवढं कळलं होतं, त्यामुळं त्या खूश होत्या.

फसलेल्या पळण्याची गोष्ट आबा चारचौघांत रंगवून सांगत. “कुंपणाखालनं निसटलो. दोन डोंगूर वलांडलं. सकाळी बघतो तर काय, एका गड्याची गाय मक्यात शिरलेली. आता उभ्या पिकात गाय, आन् आपुन बघत ऱ्हायाचं व्हय? वरडत हाकलाय गेलो. वरडण्यानं मालक आला, मालकामागनं शिपाई आलं.”

“आवं आबा, पर ते पीक शत्रूचं हुतं न्हवं?” कुणीतरी हटकायचंच.

“पीक कवा शत्रूचं असतंय का रं?” म्हणून आबा तंबाखू मळायला घेत.

दुसऱ्यांदा साधलं ते एका म्हातारीमुळं. तिनं आबांना आपल्या गोठ्यात गायींच्या मागं अख्खा हिवाळा लपवून ठेवलं. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. ती तिच्या भाषेत गायीशी बोलायची, आबा मराठीत गायीशी बोलायचे आणि काम भागायचं. रोज ती त्यांना मक्याच्या पिठाचा पिवळा घट्ट गोळा खायला घाली. “मीठ हुतं, माया हुती, मिरची तेवढी न्हवती,” आबा सांगत. “मिरची असती तर परत आलोच नसतो गड्या.” हे आत्याबाईंच्या कानावर गेलं की त्या दिवशी कालवणात मिरची दुप्पट.

जनावराला मध्ये घालून बोलायची ही विद्या आमच्या घरी फार उपयोगी पडली. नव्या सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत. मग निरोप जायचा चंद्री म्हशीमार्फत. मी गोठ्याच्या दारातून म्हणायची, “चंद्रे, चहा झालाय.” आतून आबा म्हणायचे, “चंद्रे, आज गूळ लय झाला म्हणावं.” चंद्री रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. तिच्याइतकी पोटात ठेवणारी बाई मी जन्मात पाहिली नाही.

तर ती पहिली पंचमी. लग्नानंतरची पहिली नागपंचमी मुलगी माहेरी करते. भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला येतो. माझा दादा कोरेगावहून आला. आत्याबाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकाम्या हातानं माघारी लावून दिला. कारण काय, तर चंद्री विणार होती. “म्हस अवघडलेली, मी रानात, आन् तू झोक्यावर?” संपला विषय. तिकडं माझ्या मैत्रिणींनी लिंबाला झोका बांधलेला, फुगड्या रंगलेल्या, आणि इकडं मी म्हशीच्या पोटाकडं बघत बसलेली. पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा शेण भरता भरता माझ्या तोंडून गेलं, “चंद्रे, इथनं पळायचं झालं तर कसं पळावं गं?”

आबा दाव्याला पीळ देत होते. हात थांबले. मला वाटलं, आता कमांडंटपुढं उभं राहावं लागणार. पण आबांचा चेहरा असा खुलला, की वाटावं, पलटणीनं पुन्हा बोलावणं धाडलंय.

“चंद्रे,” ते हळूच म्हणाले, “रातचं पळतो त्यो येडा. रातचं कुत्री जागी असत्यात. दुपारी जेवणं झाल्यावर निघावं. पहारेकरी बी माणूसच हाय, त्याला डुलकी येतीच.”

“चंद्रे, आणि नेसायचं काय?”

“जुनेर. कैदी नटून पळत न्हाई. आन् पायात नवी चप्पल तर बिलकूल न्हाई, चावती.”

एवढा अनुभवी माणूस सांगतोय, आणि मी काय करावं? माहेरी जुनेर नेसून गेले तर मैत्रिणी काय म्हणतील! पंचमीच्या आदल्या दुपारी मी लग्नातला जरीचा शालू नेसले, नव्या चपला घातल्या, वर पैंजण. आत्याबाई सोप्यात घोरत होत्या आणि कैदीण छुमछुम वाजत परसदारानं निघाली. गोठ्यापाशी आबा पाठ करून उभे होते. गव्हाणीवर फडक्यात बांधलेली भाकरी.

“चंद्रे, भाकरी हाय,” ते भिंतीकडं बघत म्हणाले. “मिरची बी हाय.”

फाट्यावरून कऱ्हाडला जाणारी एसटी गाठायची, पुढं रेल्वेनं कोरेगाव, असा बेत. ओढ्यापर्यंत पोचले. चपला चावायला लागल्या होत्या. तेवढ्यात मागून चंद्री रेकली. रोजचं रेकणं नव्हे. मी थांबले. आबा हाक मारणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पळणाऱ्याला हाक मारून थांबवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. फाट्याच्या बाजूला एसटीचा हॉर्न वाजला. चंद्री पुन्हा रेकली. मी मनातल्या मनात तिला, तिच्या पोटातल्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या, चपला हातात घेतल्या आणि शालू वर खोचून उलटी पळाले.

रेडकू अडलं होतं. आबा एकटे ओढत होते. मी गेले ती सरळ त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. पदर कुठं, रीत कुठं! दोघांनी जोर लावला आणि ओली, काळीभोर रेडी माझ्या जरीच्या मांडीवरच येऊन पडली.

आवाजानं आत्याबाई जाग्या झाल्या. दारात येऊन बघतात तर सून शालूत, कोपरापर्यंत बरबटलेली, कमरेला भाकरीचं गाठोडं.

“ही कुटं निघाली हुती?”

“पळत हुती,” आबा म्हणाले. “गावली.”

“आन् पळाय शिकीवलं कुणी?”

आबांनी चंद्रीकडं बोट दाखवलं.

आत्याबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं. “पळून जाताना माघारी आलीस? मक्यातली गाय हाकलणाऱ्याचीच सून शोभतीस गं बाई.” मग रेडीला पुसत म्हणाल्या, “उद्या पहाटंच निघ. झोका चुकवू नगंस. आन् पहिला चीक आईला ने.”

आबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी खाट दार दिसेल अशीच लावून घेतली होती. त्यांची बंडी शेवटची धुतली तेव्हा खिशात तुकडा सापडला. या वेळी कोंबड्यांना नाही टाकला. चंद्रीच्या नातीला घातला. हल्ली नातवंडं परदेशी जातात आणि मी “उतरलात की कळवा” म्हटलं की हसतात. “आजी, विमान कुठवर आलं ते फोनवर दिसतं तुला.” दिसू दे. मला विमानाकडून नको, माणसाकडून हवं असतं. ते खूळ मला कऱ्हाडच्या स्टेशनावर लागलं.

पंचमीच्या सकाळी आबा मला गाडीत बसवायला आले होते. मी खिडकीशी, मांडीवर चिकाची कासंडी, पायात जुन्या चपला. आबा फलाटावर. मध्ये बोलायला म्हैस नाही. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, घसा खाकरला. शिट्टी झाली, गाडी हलली, तसे ते खिडकीचा गज धरून चालायला लागले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले:

“पोरी, त्या म्हातारीला म्या घरी पोचलो त्ये कळवायचं ऱ्हाऊनच गेलं गं. गावाचं नावसुदिक ठावं न्हवतं. ती आजून वाट बघत आसंल. तू पोचलीस की कळीव. न्हाईतर म्हशीला घोर लागंल.”