उजवीकडे बघणारी लक्ष्मी
भिजवलेल्या रिठ्यांचा वास आला की मला माजिवड्यातली लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यातलं सोन्याचं नाणं रिठ्याच्या पाण्यात धुवायला दिलं, तेही मला सोवळं नेसायला लावून. "ही लक्ष्मी उजवीकडे बघते, उजव्या सोंडेच्या गणपतीसारखी कडक आहे," त्या म्हणाल्या. संध्याकाळी टाकसाळीतून निवृत्त झालेले एक शेजारी प्रसादाला आले आणि नाण्यावर वाकले ते वाकलेलेच राहिले. "वहिनी, ही लक्ष्मी नाही, इंग्रजांची जुनी राणी. चलनातल्या नाण्यांवर ती डावीकडे बघते. नवीन नाणं काढण्याआधी साहेबाला दाखवायला मोजके नमुने पाडत, त्यातला हा असणार. पसंत पडला नसेल." आता राणीला पाटावरून उठवणार, म्हणून मी सासूबाईंकडे बघत राहिले. त्यांनी शांतपणे तिला हळदकुंकू वाहिलं. "तिकडे नापसंत झाली, म्हणून इथे आली. आता मीही हाकलू का तिला?" ती आमच्या घरी पोचली कशी, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. हल्ली तिला मीच धुते, सोवळ्यातच, आणि दरवर्षी तिच्या नजरेच्या दिशेने एकदा उजवीकडे बघून घेते.