चौथा येईपर्यंत

सुभान मास्तरांनी पहिल्या आलेल्या मुलाकडे कधी वळून पाहिले नाही. शाळेमागच्या चिंचेच्या अलीकडे दहा पावलांवर, रस्त्याकडे तोंड करून, हातात खिशातले घड्याळ धरून ते उभे राहत. पहिला मुलगा त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखा जाई, चिंचेला हात लावी आणि शाबासकीच्या आशेने मागे पाही, तर त्याला दिसे मास्तरांची खाकी पाठ. मास्तर शेवटच्याची वाट पाहत असत. शेवटच्याचा हात झाडाला लागला की घड्याळ थांबे आणि तीच आम्हा सर्वांची वेळ धरली जाई.

हे लिहिण्याची वेळ माझे वर्गमित्र, निवृत्त वकील वसंतराव यांनी माझ्यावर आणली. शाळेच्या स्मरणिकेत त्यांनी ‘आमचे कवायत शिक्षक’ असा लेख लिहिला आहे. लेख चांगला आहे. त्यात शाळेचे नाव बरोबर आहे. मास्तरांना शर्यतीचा नियम ठाऊक नव्हता म्हणून आपण बक्षिसाची ढाल गमावली, असे ते लिहितात. शिवाय टोळीतला चौथा मुलगा वाटेत बसून रडत होता, असेही लिहितात. चौथा मुलगा मी होतो. मी बसलो नव्हतो. रडलो हे खरे. पण ते धावता धावता. बसून रडणे आणि धावत रडणे यांतला फरक वकिलाला कळू नये, याचे मला नवल वाटत नाही.

पोलिस अॅक्शननंतरची ती सुरुवातीची वर्षे होती. सुभान मास्तर पूर्वी निजामाच्या फौजेत कवायत शिकवीत. त्यांच्याजवळ दाखला होता, परंतु ज्या फौजेने तो दिला ती फौजच उरली नव्हती. शाळेने त्यांना तात्पुरते ठेवून घेतले. त्यांनी वर्गाच्या चार-चारच्या टोळ्या पाडल्या. आमच्या टोळीत फुलंब्रीहून येऊन वसतिगृहात राहिलेला किसन, घड्याळजीचा मुलगा अन्वर, वसंता, म्हणजे हेच वसंतराव, आणि मी. किसनचे पाय हरणाचे होते. माझे वर्णन वसंतरावांनी ‘स्थूल’ या एका शब्दात उरकले आहे. माझ्या आईच्या तुपाचा हा अपमान मी तूर्त सोडून देतो.

रोज सकाळी शहराच्या मकाई दरवाज्यातून मकबऱ्यापर्यंत धावत जायचे आणि परत यायचे, मग दंड-बैठका. प्रत्येकाने घरून भिजवलेले हरभरे आणायचे आणि ते चौघांचे मिळून एकाच रुमालात बांधायचे. तो रुमाल मास्तरांच्या खांद्यावर असे. चौथा आल्याशिवाय त्याची गाठ सुटत नसे. किसन सर्वांत आधी येई आणि सर्वांत जास्त वेळ उपाशी राही.

“मास्तर, हा दिग्या येईस्तोवर हरभऱ्याला मोड येत्याल!” तो कळवळून म्हणे.

“कायकू चिल्लाता मियां? अव्वल तो घोड़ा बी आ जाता,” मास्तर रस्त्यावरची नजर न काढता म्हणत. “आखरी वाले को लेको आना, वो काम है. तेरे भाई किधर हैं?”

मग किसन पुटपुटत परत धावत येई, माझ्या पाठीला हात लावी आणि म्हणे, “पळ की लेका. लई भूक लागली.” वसंतराव या पद्धतीला ‘शिस्त’ म्हणतात. ती शिस्त नव्हती, भूक होती. आणि मास्तरांना भुकेचा उपयोग माहीत होता.

मग शहरातल्या शाळांची शर्यत जाहीर झाली. बाहेरगावाहून नव्याने आलेले मुख्याध्यापक मास्तरांना आमच्यादेखत म्हणाले, “ढाल आणा, तुम्हांला कायम करू. नाहीतर पुढल्या वर्षी प्रमाणपत्र असलेला माणूस घ्यावा लागेल.” मास्तरांनी टाचा जुळवून सलाम केला. मास्तर गेले, तर शाळेत उरणार होते ते फक्त भूमितीचे तास.

आता नियमाबद्दल. शर्यतीच्या आदल्या दिवशी चिंचेखाली मास्तरांनी आम्हांला स्वतः सांगितले, “कल का हिसाब अलग है. कल जो अव्वल, उसी की गिनती. किसन, तू अकेला भाग. पीछे नक्को देखना.”

“आनि दिग्या?” किसनने विचारले.

“दिगंबर अपनी चाल से आता. तू भाग.”

वसंता तेव्हा माझ्या शेजारी बसून हरभरे खात होता. त्याचे कान दुखत होते, असे त्याने लेखात कोठेही लिहिलेले नाही.

शर्यतीच्या दिवशी किसन असा धावला की मकबऱ्यापाशीच बाकीची मुले त्याला दिसेनाशी झाली. माझा उजवा बूट वाटेत सुटला आणि मी तो हातात घेऊन धावत राहिलो. पुढचे मी पाहिले नाही. अन्वरने सांगितले, आणि अन्वरने आयुष्यात कधी लेख लिहिला नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. शाळेच्या फाटकात फीत बांधली होती. मास्तर नेहमीसारखे तिच्या अलीकडे दहा पावलांवर उभे होते. किसन त्यांच्या शेजारून गेला. पीछे नक्को देखना, हे तो विसरला. निदान आज तरी मास्तर आपल्याकडे वळतील, असे त्याला वाटले असावे. त्याने मागे पाहिले. मास्तरांची पाठ दिसली. मास्तर रस्त्याकडे पाहत होते. किसन फितीपासून पाच पावलांवर थांबला.

लोक ओरडले. मुख्याध्यापक ओरडले. अन्वर आला, तोही किसनजवळ उभा राहिला. मागोमाग वसंता आला आणि तोही थांबला. वसंतरावांना नियमाचे इतके ज्ञान होते, तर ते तेथे कशासाठी उभे राहिले, याचा खुलासा स्मरणिकेच्या पुढच्या आवृत्तीत व्हावा. त्यांच्या शेजारून दुसऱ्या शाळांची सहा-सात मुले गेली. फीत तुटली. त्यानंतर बऱ्याच वेळाने, एका पायात बूट आणि एक हातात, असा मी आलो. चौघे मिळून आत गेलो. मास्तरांनी घड्याळ थांबवले.

“पिछली बार से दो मिनट कम!” ते आनंदाने म्हणाले आणि खांद्यावरच्या रुमालाची गाठ सोडू लागले. मुख्याध्यापक समोर येऊन उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांचा हात थांबला.

“मास्तर, हे काय केलंत?”

मास्तरांनी तुटलेल्या फितीकडे पाहिले, मग आम्हा चौघांकडे. “साब, चारों आ गए,” ते हळू आवाजात म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर प्रमाणपत्र असलेले गृहस्थ आले. त्यांनी आम्हांला छायेत बसून आरोग्याचे नियम पाठ करायला लावले. सुभान मास्तरांनी शहागंजात सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. मी धीर गोळा करून तेथे गेलो आणि म्हणालो, “मास्तर, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली.”

ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. “तेरे से? मैं पलट के देखा नहीं, इस वास्ते गई. किसन बच्चा मेरा मुंह देख रहा था. इतनी बड़ी चीज अपने नाम पे कायकू लेता रे? बैठ. पंप मार.”

मी पंप मारला. पुढे कितीतरी वर्षे, ते असेपर्यंत, त्या दुकानात जाऊन पंप मारत राहिलो. त्यांनी एवढी एकच चूक कबूल केली, आणि ती नियमाची नव्हती. नियम ठाऊक नसलेला माणूस वेगळा आणि नियम ठाऊक असून शेवटच्याकडेच नजर राहिलेला माणूस वेगळा.

किसन आणि अन्वरही आता नाहीत. वसंतराव आणि मी रोज सकाळी त्याच रस्त्याने मकबऱ्यापर्यंत जाऊन येतो. वसंतरावांचे गुडघे गेले आहेत. मकाई दरवाज्याशी परत आधी मी पोहोचतो. हीही गोष्ट लेखात नाही. तेथे मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. ते काठी टेकीत, धापा टाकीत येतात आणि दुरूनच म्हणतात, “दिग्या, कशाला थांबतोस रोज? जायचं ना घरी.”

इतका जाडजूड लेख लिहिणाऱ्या माणसाने हे विचारावे! त्यांचा हात दरवाज्याच्या दगडाला लागला की खांद्यावरचा रुमाल काढतो. दोघांच्याही दातांकडे पाहून हल्ली त्यात चुरमुरे असतात. मग गाठ सोडतो.