आधी बसा

ती खुर्ची आपोआप फिरायची. दाक्षायणीबाई टेबलापासून उठल्या, की त्यांच्यामागं ती जुनी गोल फिरणारी खुर्ची हळूहळू खिडकीकडं तोंड करायची. गैबीसाब शिपायानं कारागीर आणून तेल घातलं, स्क्रू आवळून घेतले. तरी खुर्ची आपली खिडकीकडंच.

"सरांचं बसणं तसं हुतं, म्याडम," गैबीसाब दारातूनच म्हणाला. "दांडा त्या अंगाला झिजलाय. कारागीर तरी काय करंल?"

दारातूनच, कारण त्या खोलीत तो कामापुरताच पाऊल टाकायचा. आधीचे कुलगुरू शहाजी सर त्याच खुर्चीत गेले होते. सभेतून भांडून आले, खिडकीकडं वळून बसले, चहा मागवला. गैबीसाबनं मागून कप ठेवला. "सर, गार होतंय," म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला. तेव्हापासून वर्ष होत आलं, पण या खोलीत चहा ठेवताना त्याचा हात कापतो तो कापतोच.

खिडकीतून दिसायचं मुलींचं वसतिगृह. गच्चीवर वाळत घातलेल्या ओढण्या, खाली नळावर भांडणाऱ्या पोरी. कुणी करमाळ्याची, कुणी करकंबची. त्यांच्या बापांनी पोरींना सोलापुरात पाठवलं ते त्या कुंपणाच्या भरवशावर. कुंपण गेलं की पोर गावी, आणि गावी गेलेली पोर वर्षाच्या आत मांडवात.

आणि संस्थेचे अध्यक्ष युवराजदादा यांना नेमका तिथंच मांडव हवा होता. हमरस्त्याला लागून मंगल कार्यालय, पुढं गाड्यांना ऐसपैस जागा. म्हणजे पोरींना खोलीतून बाहेर काढायचं आणि त्याच जागेवर बोहल्यावर चढवायचं. डोकं लागतं हो असल्या योजनेला! पण संस्थेच्या घटनेत एक मेख होती. जागेचा वापर बदलायचा तर सभेतल्या प्रत्येकाचा होकार हवा. शहाजी सर प्रत्येक सभेत एकटे नाही म्हणत राहिले. मग गेले.

त्यांच्या जागी आल्या दाक्षायणीबाई, तेही प्रभारी म्हणून. नवी पेठेत कापड दुकानात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या नोकराची ही लेक. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि मोठ्या लोकांसमोर गप्प राहायची सवय. याच संस्थेत शिकवता शिकवता केस पांढरे झाले. युवराजदादांनी त्यांना निवडलं ते या गप्प बसण्यावर खूश होऊन, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि तेच त्यांना खात होतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या शहाजी सरांसमोर थरथरत उभ्या होत्या. सर म्हणाले होते, "आधी बसा. मग बोला." ते सगळ्यांनाच तसं म्हणायचे. फी माफ करा म्हणत आलेल्या बापाला, शिपायाला, अंगावर धावून आलेल्या पुढाऱ्यालासुद्धा. आता रिकाम्या खोलीत फायली चाळताना बाईंना मागून तो आवाज यायचा. वळून बघितलं की खिडकी, आणि ओढण्या.

सभेच्या आदल्या दिवशी युवराजदादा स्वतः आले. पाहुण्याच्या खुर्चीत रेलून बसले.

"बाई, उद्या तुमची नेमणूक कायम करून टाकू. प्रभारी प्रभारी किती दिवस म्हणायचं?"

"आणि वसतिगृह?"

"ते विषयपत्रिकेवर हाय का? न्हाय की! मग कशाला जीव टांगणीला लावताय?" ते हसले. जाता जाता फिरलेल्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "ही खुर्ची बदला बाई. माणूस टिकत न्हाय हिच्यात."

बाईंनी रात्रीचं जेवण टाळलं. विषयपत्रिकेवर नाही म्हणजे डाव शेवटी पडणार, हे त्या ओळखून होत्या. अशा सभांत सगळी घाण 'ऐनवेळचे विषय' या शेवटच्या कलमात उरकतात. चहा-चिवडा आलेला असतो, माणसं उठायच्या बेतात असतात, अध्यक्ष घाईत दोन ओळी वाचतात आणि टेबलावर थापा पडतात. बाईंनी त्या क्षणासाठी वाक्यं पाठ केली. आरशासमोर म्हणूनही बघितली.

पण डाव शेवटी पडलाच नाही. पहिल्याच कलमाला पडला.

पहिलं कलम शोकठराव. सरांचं वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात होतं. भिंतीवर सरांचा हार घातलेला फोटो. युवराजदादांचा गळा दाटून आला, किंवा त्यांनी तो दाटवला. "स्वर्गीय शहाजी सरांनी ह्या संस्थेसाठी देह ठेवला. वसतिगृहाच्या जागेवर त्यांच्या नावानं भव्य मंगल कार्यालय उभारावं, हीच खरी श्रद्धांजली. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून ठरावाला मान्यता द्यावी."

शोकठरावाला मतदान नसतं. उभं राहिलं की मंजूर. खुर्च्या सरकल्या, माना खाली गेल्या. बाईसुद्धा उठल्या. अंगवळणीच पडलेलं, मेलेल्या माणसाचं नाव निघालं की माणूस उठतोच. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पाठ केलेली वाक्यं आता कामाची नव्हती. शोकाच्या मौनात तोंड उघडणाऱ्या बाईला सगळ्या सोलापुरानं नावं ठेवली असती. फोटोतले सर त्यांच्याकडंच बघत होते. ज्या मांडवाला नाही म्हणत माणूस गेला, त्या मांडवाच्या कमानीवर आता त्याचंच नाव लागणार होतं.

पंख्याची घरघर तेवढी चालू होती. आणि त्या शांततेत, अगदी कानामागून, आवाज आला. आधी बसा.

बाई खाली बसल्या.

खुर्ची जोरात करकरली. माना वर झाल्या. मग पलीकडून आणखी एक खुर्ची वाजली. अक्कलकोटचे चनबसप्पा, सभेतले सगळ्यात वयस्कर सदस्य, टेबलाला धरून हळूच टेकले.

"आप्पा, तुमीसुद्धा?" युवराजदादा मौन विसरले.

"गुडघं रे बाबा."

"उठा मग जरा. दोन मिनिटांचा तर प्रश्न हाय."

"बसलोय की आता," आप्पा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

युवराजदादा बाईंकडं वळले. "मेलेल्या माणसाचा तरी मान राखा, बाई."

"त्यांचाच राखतेय." बाई बसूनच बोलल्या. "सर तीनदा नाही म्हणालेत. त्यांच्या नावावर हो कसं लिहिता? माझाही नकार लिहून घ्या."

ठराव अडला. नेमणुकीचा विषय आला तेव्हा युवराजदादांनी पानच उलटलं. "पुढच्या सभेत बघू." चिवडा बशांत तसाच राहिला.

बाई खोलीत आल्या. खुर्ची खिडकीकडं तोंड करून वाट बघत होती. त्यांनी ती फिरवली नाही, तशाच टेकल्या. समोर गच्चीवर एक पोर ओढण्या झटकून गोळा करत होती, ओरडून कुणाला तरी शिव्या देत होती. बाईंनी डोळे मिटले.

गैबीसाब चहा घेऊन आला. त्याला दिसली फक्त खुर्चीची पाठ.

"म्याडम, गार होतंय."

बशीत कप खडखडायला लागला.

"म्याडम..."

"अजून आहे मी, गैबीसाब," खुर्चीच्या पाठीमागून आवाज आला. बाईंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "ठेवा तिथं. आणि आधी बसा जरा. चेहरा बघा केवढासा झालाय तुमचा."